मी पुढे होते ना!

उजवीकडे वळायचंय आणि शेजारची गाडीही उजवीकडेच वळतेय... आता कोणी कुठून वळायचं? या साध्या प्रश्नाचं उत्तर मला ड्रायव्हिंग शिकताना मिळालं नाही. ते मिळालं परळ टीटीच्या भर चौकात. तेही दाराला पोचा पडल्यावर!

सकाळचे पावणेआठ. भावाला गाडी पकडायला सीएसएमटीला सोडून मी घरी निघालेले. घर म्हणजे आमचं भोईवाडा. रस्ते मोकळे, एफएमवर मस्त गाणं, खिडकीतून गार वारा. गाडी सेकंडहँड, पण कॉन्फिडन्स एकदम कोरा करकरीत! लायसन्स मिळून जेमतेम पाच महिने झाले होते आणि आपल्याला आता मुंबईत गाडी चालवता येते, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

लालबागकडून आलात की परळ टीटीला एक गंमत आहे. सरळ दादरकडे जाणारे फ्लायओव्हरवर चढतात. वळणाऱ्यांनी खालीच राहायचं. म्हणजे ज्याला उजवीकडे हॉस्पिटलच्या रस्त्याला जायचंय त्याने आधी फ्लायओव्हरच्या डावीकडे व्हायचं, मग खाली सिग्नल येईपर्यंत पुन्हा उजवीकडे सरकायचं. उजवीकडे जाण्यासाठी आधी डावीकडे! नवशिक्याच्या डोक्याला शॉटच तो. पण माझा रोजचा रस्ता, त्यामुळे मी अगदी ऐटीत खाली उतरले आणि सिग्नलला थांबले. उजवीकडून दुसऱ्या रांगेत.

माझ्या उजव्या हाताला, पुलाच्या खांबांकडच्या रांगेत एक काळी-पिवळी उभी होती. तिलाही उजवीकडे वळायचं होतं. माझा इंडिकेटर चालू होता हं! हे मी नंतर निदान दहा जणांना सांगितलंय.

सिग्नल सुटला. मी जरा जोरात निघाले, अर्धी गाडी पुढे गेले आणि वळण घेतलं. नेहमीसारखं, आखूड. खर्रर्र...

माझ्या मागच्या उजव्या दाराला टॅक्सीचा डावा कोपरा घासत गेला होता. मी तावातावाने उतरले. काय बोलायचं ते तोंडात तयारच होतं.

"दिसत नाही का काका? मी पुढे होते ना!"

टॅक्सीवाले काका साठीच्या आसपासचे. बोलण्यावरून सातारकडचे. शांतपणे उतरले, आधी माझं दार बघितलं, मग स्वतःचा बंपर. म्हणाले, "पुढं होता मॅडम, मान्य. पण तुमच्या रांगेत पुढं होता ना? माझ्या रांगेत कशाला आलात?"

मी हार मानणाऱ्यातली नाही. इंडिकेटर, लायसन्स, कायदा असं सगळं एका दमात बाहेर काढलं. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एक बाइकवाला जाता जाता "लेडीज ड्रायव्हर!" असं बोलून गेला आणि मी अजूनच पेटले. आता तर माघार नाहीच!

तेवढ्यात टॅक्सीचं मागचं दार उघडलं. एक बाई उतरल्या. चाळिशीच्या असतील. मागोमाग त्यांचे मिस्टर, तोंडावर रुमाल बांधलेला, अंगात स्वेटर. बाईंच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली जाडजूड फाइल. भोईवाड्यात वाढलेल्या कुणालाही ती फाइल लांबूनसुद्धा ओळखता येते. रात्रभर रेल्वेने प्रवास करून, सीएसएमटीला उतरून, टॅक्सी करून टाटाला निघालेली माणसं होती ती.

बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ताई, तुमचं चालू द्या. आम्ही जातो चालत. नंबर जाईल आमचा."

आणि नवऱ्याच्या दंडाला धरून, थांबलेल्या गाड्यांमधून वाट काढत दोघं निघून गेले. मी "थांबा, मी सोडते" म्हणेपर्यंत ते पलीकडच्या फुटपाथवर पोहोचलेही होते. हवालदार आले, "आधी गाड्या बाजूला घ्या" म्हणाले. बाराशे रुपयांवर मिटलं. ते मी दिले. सॉरीही म्हटलं, पण ते ज्यांना म्हणायला हवं होतं ते केव्हाच गेले होते.

त्यांचा नंबर लागला की गेला, मला कधीच कळणार नाही.

वही घेऊन फुटपाथवर

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मुंबईत रोज शंभर ठिकाणी गाड्या घासतात. खरंय. पण पत्रकारितेच्या कोर्समध्ये एक गोष्ट शिकवलेली डोक्यात पक्की बसलीये. आपलंच बरोबर आहे असं वाटलं, तर जाऊन बघून ये. म्हणून पुढच्या शनिवारी सकाळी मी वही घेऊन त्याच सिग्नलला तासभर फुटपाथवर उभी राहिले. चहावाल्याला मी महापालिकेची सर्व्हेवाली वाटले!

तासाभरात माझ्या वहीत चार जाती जमा झाल्या. बघा, तुम्ही कुठल्या ते.

पहिले 'अरेच्चा'वाले. डाव्या टोकाला निवांत उभे असतात. सिग्नल सुटला की यांना आठवतं, अरेच्चा, आपल्याला तर उजवीकडे जायचंय! मग तीन रांगा आडव्या कापत निघतात.

दुसरे रांगबुडवे. यांना सगळं आधीपासून माहीत असतं. वळणाऱ्यांची रांग लांब दिसली की सरळ जाणाऱ्यांच्या रांगेतून थेट पुढे जायचं आणि स्टॉप लाइनवर नाक खुपसायचं. यांच्यामुळे मागच्या सरळ जाणाऱ्यांचा सिग्नल फुकट जातो.

तिसरे मॅपवाले. फोन सांगतो 'उजवीकडे वळा'. पण फ्लायओव्हरवर की खाली, पहिल्या रांगेत की दुसऱ्या, हे नीट कळेपर्यंत वळण येतंच. मग भर चौकात ब्रेक!

आणि चौथे कोपराकापू. दुसऱ्या रांगेतून वळायला सुरुवात करतात आणि पहिल्या रांगेत जाऊन संपवतात. आतल्या गाडीच्या पुढ्यातून, तिचा रस्ता खात. अख्ख्या तासात यांची संख्या सगळ्यात जास्त होती. हीच माझी जात!

गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांचे इंडिकेटर चालू होते. आपण चुकतोय असं कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नव्हतं. प्रत्येक जण 'पुढे' होता.

फंडा अगदी साधा आहे

घरी येऊन नियम वाचले. लायसन्स काढताना वाचले होते, पण पास होण्यापुरते. मोटर ट्रेनिंगवाल्या सरांनी हाफ क्लच शिकवला, चढावर गाडी कशी धरायची ते शिकवलं, रिव्हर्स शिकवला. शेजारी दुसरी गाडी वळत असताना काय करायचं, हे कुणी शिकवलंच नाही. मीही विचारलं नाही.

नियम तसे जुनेच आहेत. १९८९ च्या नियमावलीतही होते आणि २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमावलीतही आहेत. डावीकडे वळायचं तर वळणाआधीच डावीकडे या. उजवीकडे वळायचं तर वळणाआधीच रस्त्याच्या मध्याकडे, म्हणजे उजवीकडे या. महत्त्वाचा शब्द 'आधी'! दुसऱ्या रांगेतून वळायचं तर तिथे रस्त्यावर तसा बाण हवा. आणि बाण असेल, दोन रांगा एकदम वळत असतील, तर आतल्याने आतच राहायचं आणि बाहेरच्याने बाहेरच. वळण पूर्ण होऊन गाडी सरळ होईपर्यंत. बाहेरच्याला मोठा वळसा पडतो. पडू दे! रांग बदलायची असेल तर ती वळण संपल्यावर, आरशात बघून.

सिग्नलजवळ रस्त्यावरची तुटक रेघ अखंड होते, ती उगाच नाही. तुटक रेघ म्हणजे रांग बदलता येईल. अखंड रेघ म्हणजे आता वेळ गेली, आहात तिथेच राहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या ड्रायव्हिंग नियमावलीचा भंग केला तर पाचशे ते हजार रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे. मी तर बाराशे मोजले. कायद्यापेक्षा महाग पडलं!

आणि हे सगळं आधी का ठरवायचं, त्याचा हिशोब बघा. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते. तीन सेकंद 'इकडे की तिकडे' करत बसलात की ३३ मीटर संपले. तेवढ्यात अखंड रेघ सुरूही झालेली असते.

बसच्या बाबतीत तर अजून सांभाळायला हवं. लांब गाडी वळताना तिचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं. म्हणून ड्रायव्हर आधी बस बाहेर काढतो आणि मग वळवतो. आपल्याला वाटतं, वा, आत जागा झाली! आणि आपण त्या जागेत घुसतो. बाइकवाल्यांनो, ती जागा तुमच्यासाठी नसते. ती मागच्या चाकासाठी असते.

टीटी म्हणजे काय रे भाऊ?

माझ्या ऑफिसवाल्या मित्रमैत्रिणींपैकी निम्म्यांना टीटी म्हणजे काय ते माहीत नाही. ट्राम टर्मिनस! मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, १९०७ मध्ये विजेच्या आल्या आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. रुळ गेले, नाव राहिलं. कधी कधी वाटतं, लेन कधीच न मोडणारी या चौकातली शेवटची गाडी तीच असणार. तिला बिचारीला चॉइसच नव्हता! आपल्याला आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

गेल्या काही वर्षांत तर हा सगळा भाग सतत बदलतोय. शिवडी-वरळी उन्नत मार्गाच्या कामासाठी १२ सप्टेंबर २०२५ ला एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद झाला. १९१३ सालचा पूल तो. त्या वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना दादरच्या टिळक पुलाकडे नाहीतर करी रोड, चिंचपोकळीच्या पुलाकडे वळवण्यात आलं. काल ज्या रांगेतून डावीकडे वळायचो, आज त्या रांगेचा उपयोगच नाही! रस्ता बदलला की सवय उपयोगी पडत नाही, उलट तीच घात करते. अशा वेळी बोर्ड बघणं, आधी ठरवणं आणि शेजारच्याला कळवणं, एवढंच हातात राहतं.

आणि आमच्या भागात हे जास्तच लागतं. १९२६ चं केईएम, १९४१ चं टाटा, लहान मुलांचं वाडिया. सगळं चालत जाण्याच्या अंतरात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली माणसं, फुटपाथवर मुक्काम केलेली माणसं, गावाहून त्याच सकाळी आलेली माणसं. या चौकात प्रत्येक दहाव्या गाडीत कुणीतरी घड्याळाकडे बघत बसलेलं असेल, असं मी आता धरूनच चालते. आपल्या दोन मिनिटांच्या घाईची किंमत दुसऱ्याचा अख्खा दिवस असू शकतो.

भोईवाडा या नावातच भोई आहेत. भोई म्हणजे पालखी वाहणारे. आईला हा सगळा किस्सा सांगितला तेव्हा ती सहज म्हणाली, "एका भोयाने मनाने वळून कसं चालेल? आतला बसलेला पडेल ना!" बस, मला तेव्हाच कळलं. शेजारच्या गाडीत कुणीतरी बसलेलं असतं, हेच मी त्या सकाळी विसरले होते.

अकरा मिनिटं

मागच्या महिन्यात पुन्हा तोच सिग्नल. एका संपादकांचा फोन येऊन गेला होता, डोक्यात पेमेंटचं टेन्शन, आणि खाली उतरल्यावर उजवीकडे सरकायचं राहूनच गेलं. भानावर आले तेव्हा मी सरळ जाणाऱ्यांच्या रांगेत होते आणि अखंड रेघ सुरू झालेली. उजवीकडे एक टॅक्सी, तिच्या पुढे थोडी फट. सवय म्हणाली, घुसव! एवढंसं तर आहे. इंडिकेटर देऊन नाक घातलं की देतात जागा.

मी इंडिकेटर बंद केला. सिग्नल सुटल्यावर सरळ दादरच्या दिशेने गेले, जिथे वळता आलं तिथे वळून परत आले आणि या वेळी डावीकडून हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले. घड्याळ लावून मोजलं. अकरा मिनिटं जास्त. पेट्रोल गेलं ते वेगळंच. आई म्हणाली, "उशीर झाला?"

म्हटलं, "वळण चुकलं. पुढून फिरून आले."

इतकं सोपं होतं ते. वळण चुकलं तर पुढे जायचं, फिरून यायचं. हे वाक्य मला मोटर ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी पाठ करून घ्यायला हवं होतं.

मागच्या दाराचा पोचा मी अजून काढून घेतलेला नाही. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, किती दिवस असंच फिरणार?" म्हटलं, असू दे थोडे दिवस. उजव्या बाजूच्या आरशात तो अर्धा दिसतो. वळण्याआधी त्या आरशात बघायचं असतंच, नाही का?