उष्टावणाआधीचा हिशेब

शिरवणे गावातील एका घरात मागच्या पावसाळ्यात एका यंत्रावरून चार दिवस अबोला होता. भांडण झाले नव्हते, कुणी आवाजही चढवला नव्हता. दुकान वेळेवर उघडत होते, देवदर्शन चुकत नव्हते. पण सासू-सुनेत कामापुरतेच बोलणे उरले होते. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो साडेपाच महिन्यांचा नातू मात्र पाळण्यात पडून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या खटपटीत होता.

शिरवणे हे मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आजूबाजूच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, आणि गावठाण आपल्या अरुंद गल्ल्यांसह मध्ये तसेच राहिले. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला जुईनगरचे रेल्वे स्थानक. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी या जैन कुटुंबाचे किराणा दुकान आहे. माल तुर्भ्याच्या बाजार समितीतून येतो. दुकानाच्या वर दोन खोल्या आणि एक चिंचोळे स्वयंपाकघर. आजोबा आणि मुलगा दुकान पाहतात, सून बेलापूरच्या एका कार्यालयात नोकरी करते.

विषय निघाला तो सुट्टीवरून. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ही मोठीच सोय. पण त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच खर्ची पडले होते. उरलेल्या रजेला हक्काची रजा जोडून सुनेने बाळाचे सहा महिने कसेबसे पुरे करत आणले होते. म्हणजे बाळाला आईच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करण्याची वेळ आणि आईची कामावर रुजू होण्याची वेळ एकच येत होती. त्या काळजीत तिने एक यंत्र पाहून ठेवले. भाजी आणि फळ आतच वाफवणारे, आतच वाटणारे, बटण दाबले की पंधरा मिनिटांत मऊ लगदा हाती देणारे. किंमत ८,९९९ रुपये.

तिने जेवणानंतर ते सर्वांना दाखवले. आजोबा किंमत ऐकून गप्प राहिले. आजी एवढेच म्हणाल्या, “ओट्यावर जागा कुठे आहे?” आणि ताटे उचलून आत गेल्या.

प्रश्न जागेचा नव्हता. या घरातली मुले त्यांनीच वाढवली होती, त्यांच्या हातच्या खिमटीवर. आता नातवाची पाळी आली आणि घरात यंत्र आणायची भाषा सुरू झाली. आपला हात सुनेला नकोसा झाला, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. तो त्या कुणाजवळ बोलल्या मात्र नाहीत.

आजोबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, कागद ओढला. कोणतीही वस्तू घेताना ते तीन गोष्टी मांडतात: गरज किती दिवसांची, वस्तू किती दिवसांची, आणि विकली तर परत काय येईल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मुलाला बाळाच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडून विचारून आणायला लावले. ते असे आले. सहा महिने पूर्ण होताच मऊ कुस्करलेले अन्न सुरू करायचे. ते पाण्यासारखे पातळ नको, चमच्यावर ठरेल इतके घट्ट हवे. सुरुवातीला दोन-तीन चमचेच, दिवसातून दोन-तीन वेळा. आठव्या महिन्याच्या सुमारास बारीक कणी असलेले अन्न आणि बाळाला स्वतः हातात धरता येतील असे मऊ तुकडे. वर्षाचे होईपर्यंत घरातलेच साधे अन्न. गुळगुळीत लगद्यावरच बाळाला फार दिवस ठेवले तर चावायची सवय लागायला उशीर होतो आणि पुढे खाण्याच्या तक्रारी वाढतात.

म्हणजे ज्या लगद्यासाठी यंत्र घ्यायचे, त्याची गरज फार तर ७५ दिवसांची. ८,९९९ ला ७५ ने भागले तर रोजचे १२० रुपये झाले. नंतर अर्ध्या किमतीला विकले गेले असे धरले तरी रोजचे ६०. एवढे कशासाठी, तर दोन-तीन चमचे भोपळ्यासाठी. आजोबांना आणखी एक गोष्ट दुकानामुळे ठाऊक होती. डबाबंद शिशुआहाराच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. यंत्रे त्या कायद्यात येत नाहीत. म्हणून त्यांच्या जाहिराती नव्या आईच्या काळजीपर्यंत मोकळेपणाने पोचतात.

यंत्राबरोबरच्या पाककृतींची पुस्तिका मुलाने वाचून पाहिली. पहिलीच कृती गाजराची, दुसरी रताळ्याची, मग बटाटा आणि बीट. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात निम्मी पुस्तिका तिथेच बाद झाली. यंत्राचा सर्वांत मोठा लाभ म्हणून सांगितले होते ते असे, की आठवड्याचे अन्न एका दिवशी शिजवावे, लहान चौकोनी वड्या करून गोठवून ठेवावेत आणि रोज एक काढून गरम करावी. ज्या घरात रात्रीचे शिजवलेले अन्न सकाळी कुणी खात नाही, तिथे हा लाभ घ्यायचा कसा? मोठ्यांना जे शिळे म्हणून चालत नाही, ते बाळाला घालण्याची कल्पना आजींना सहन झाली नसती, आणि खरे तर सुनेलाही नाही. राहिली स्वच्छता. पाते, झाकणाचे रबर, वाफेच्या पाण्याची टाकी, हे सारे दर वेळी सुटे करून, घासून, वाळवून ठेवायचे. पावसाळ्याच्या दमट हवेत रबराच्या खाचेत अन्नाचा एक कण राहिला तरी तो बाळाला बाधणारा.

हिशेब बिनचूक होता. आजोबांनी तो रात्री वाचून दाखवला. सून सारे ऐकून म्हणाली, “बाबा, तुमचं बरोबर आहे. राहू दे.” तिने वाद घातला नाही, म्हणून आजोबांना प्रश्न मिटला असे वाटले. मिटला नव्हता. हिशेबात पैसा आला होता, दिवस आले होते, आचार आला होता. काम कोणाच्या हाताने व्हायचे, हे त्यात कुठेच आले नव्हते.

ते उघड झाले पुरणयंत्रामुळे. दुसऱ्या दिवशी आजींनी मुलाला माळ्यावरून स्टीलचे पुरणयंत्र काढायला सांगितले. होळीनंतर ते खाली आलेच नव्हते. वर भांडे, तळाशी जाळी, मध्ये फिरणारी पट्टी आणि दांडा. परदेशात बाळाच्या अन्नासाठी म्हणून हाताने फिरवायची जी चक्की विकतात, तिची रचना हीच. आजींनी ते उकळत्या पाण्यातून काढले, लाल भोपळ्याच्या चार फोडी कुकरमध्ये वाफवल्या आणि सर्वांसमोर दांडा फिरवायला घेतला. खाली मऊ, एकजीव गर पडू लागला. सालीचा चिवट भाग आणि दोरे वर राहिले. यंत्र घरातच होते, हे त्यांना दाखवायचे होते, आणि ते दिसलेही.

पण आठ-दहा फेऱ्यांनंतर त्यांनी हात बदलला. पुन्हा आठ-दहा फेऱ्यांनंतर दांडा सोडला आणि उजवे मनगट पदराखाली धरले.

सून उठली. तिने दांडा स्वतःकडे घेतला आणि खाली पाहतच म्हणाली, “आई, मी ते यंत्र माझ्यासाठी मागत नव्हते. दोन महिने झाले, तुम्ही कणीक डाव्या हाताने मळता. मी ऑफिसला गेले की हे सगळं तुमच्या या हातावर पडणार. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ‘काही होत नाही’ म्हणाला असता.”

आजींना काय बोलावे ते सुचेना. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “अगं, मला वाटलं माझ्या हातचं तुला नको.” चार दिवसांचा अबोला या दोन वाक्यांत संपला. दोघींनीही एकमेकींची काळजीच केली होती; पण काळजी सांगितली नाही की समोरचा तिचा अर्थ आपल्या मनाने लावतो, आणि तो अर्थ बहुधा वाईटच निघतो.

मग निर्णय चौघांनी मिळून केला. यंत्र घ्यायचे नाही. मिक्सरचे एक लहान चटणीचे भांडे फक्त बाळासाठी घ्यायचे, सोबत एक बारीक स्टीलची गाळणी आणि झाकणाचे दोन छोटे डबे. सारे मिळून हजाराच्या आतले काम. वेळ वाचवायची युक्ती आजींकडे होतीच. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद भाजून धान्यच ठेवायचे; पीठ एकदम दळून ठेवायचे नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवसांची मानणारे हे घर. म्हणून दर तिसऱ्या दिवशी तेवढ्यापुरते मिक्सरमध्ये भरडायचे आणि ऐन वेळी दहा मिनिटांत ताजी खिमटी शिजवायची. नाचणीही अशीच भाजून, दळून, गाळून. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. चातुर्मासात पालेभाजी घरात येत नाही, तेव्हा लोहासाठी डाळ आणि नाचणी, आणि ते अंगी लागावे म्हणून लिंबाच्या रसाचे दोन थेंब. भाज्यांत दुधी, लाल भोपळा, दोडका; फळांत केळे, चिकू, वाफवलेले सफरचंद. शिजवल्यावर वर थोडे साजूक तूप. मीठ आणि साखर वर्षभर नको, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मध तर वर्षाच्या आत बाळाला देऊच नये असे वैद्यकशास्त्र सांगते. या घरात तो प्रश्नच नव्हता.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कामाची वाटणी. सकाळचा कुकर आणि वाटण मुलाकडे आले. दुकान आठला उघडते. त्याआधीचा अर्धा तास त्याचा. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दहा मिनिटे वर येऊन दुसरी वाटीही त्यानेच तयार करायची. भरवायचे आजींनी. संध्याकाळी सून घरी आली की दिवेलागणीच्या आधीची वाटी तिची, आणि रात्री फक्त आईचे दूध. “बापाने खिमटी शिजवायची?” असे आजोबांच्या ओठांवर आले होते. पण सारा जन्म धान्य तोलण्यात गेलेल्या माणसाला नाही कसे म्हणता येईल, असे त्यांचे त्यांनाच वाटले असावे. यंत्राच्या वाचलेल्या पैशांतून आजींच्या मनगटाचा इलाज सुरू झाला. तो पहिल्या हिशेबात नव्हता.

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात सांगितलेल्या ५३ गर्भान्वय क्रियांमध्ये अन्नप्राशनाला स्थान आहे. बाळाचे उष्टावण घरातल्या घरात, चांदीच्या वाटीने झाले. पहिला चमचा त्याने बाहेर ढकलला, दुसरा चाखला, तिसऱ्याला तोंड उघडले. आठवा महिना लागला तेव्हा गाळणी सुटली. नववा लागला तेव्हा एके दिवशी त्याने आजींच्या ताटातला तूप लावलेला मऊ फुलका ओढला आणि दोन दातांनी कुरतडू लागला. आजोबांनी दिवस मोजले: पुरते ७५ सुद्धा भरले नव्हते.

सर्वच घरांनी असेच करावे असे नाही. जुळी बाळे असतील, गिळण्याची अडचण असून डॉक्टरांनी विशिष्ट लगदाच सांगितला असेल, किंवा परगावी एकटीनेच सारे उरकणारी आई असेल, तर तेच यंत्र रास्त ठरेल. परिग्रहाचे परिमाण ज्याचे त्याने आपल्या गरजेवरून ठरवायचे असते. मात्र वस्तू घेण्याआधी आणि नाकारण्याआधीही, ती मागणाऱ्याला नेमकी कशाची चिंता आहे, हे एकदा विचारावे. शिरवण्यातल्या त्या घरात हा प्रश्न चार दिवस उशिरा विचारला गेला. पुरणयंत्र आता माळ्यावर नाही. ते ओट्याखाली असते, आणि येत्या होळीला त्याचा दांडा कोणी फिरवायचा हेही ठरलेले आहे.