राजुरा ते पातूर : लष्कराची वाट आणि लदेणीचे बैल

वऱ्हाडच्या जुन्या विभागणीत बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मानले जात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार, ज्यात आजचा वाशीम जिल्हा येतो, ते बालाघाट, आणि त्या रांगेच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला काळ्या जमिनीचा सखल मुलूख तो पाईनघाट. या दोहोंना जोडणाऱ्या घाटवाटांना शांततेच्या काळात बाजाराचे आणि युद्धकाळात लष्कराचे महत्त्व असे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, असईच्या लढाईनंतर दोन महिन्यांनी, म्हणजे २५ नोव्हेंबर १८०३ रोजी, आपण राजुऱ्यावरून घाट उतरलो असे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने गव्हर्नर जनरलला धाडलेल्या खलित्यात लिहिले आहे. नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्याच्या मोहिमेवर निघालेल्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला पाठबळ देणे हा त्यामागचा हेतू होता. राजूर आणि राजुरा या नावांची गावे वऱ्हाडात अनेक असली, तरी त्यानंतर वेलस्लीचा तळ अकोल्याला पडला होता हे लक्षात घेता, मालेगाव तालुक्यातील राजुऱ्याहून मेडशीमार्गे पातुराकडे उतरणारी वाट प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक सयुक्तिक वाटते, आणि म्हणूनच नोव्हेंबरच्या अखेरीस, सैन्य उतरले त्याच हंगामात, ती पायी चालण्याचा बेत त्याने केला.

वाशीमपासून मेडशीपर्यंतच्या चालीविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. सोयाबीन निघून गेलेली शेते, मध्येच उभी तूर, फुटलेला कापूस आणि शेजारून अखंड वाहणारा चौपदरी महामार्ग, ज्याने घाटातली जुनी वळणे कापून काढली आहेत आणि ज्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला अवजड वाहनांच्या कर्ण्यांखेरीज दुसरे काहीही ऐकू येत नाही. वेगासाठी डोंगर फोडला की त्या डोंगराचा इतिहासही दिसेनासा होतो, ही लेखकाची जुनी तक्रार या वाटेवर अधिकच तीव्र झाली.

मेडशीच्या पुढे, रस्त्यापासून थोडे आत, सागाच्या विरळ रानाला लागून असलेल्या एका बंजारा तांड्यात, म्हणजे या समाजाच्या वस्तीत, पाणी मागण्यासाठी शिरलेला लेखक संध्याकाळपर्यंत तेथेच राहिला. तांड्यातील कित्येक घरांना कुलपे होती, कारण दिवाळी झाली की धडधाकट माणसे ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसे व शाळेतली मुले तेवढी उरतात. ओट्यावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी "बसा भाऊ, उन्हाचं कुठं निघाले?" असे विचारले, आणि लष्कराची जुनी वाट शोधतो आहे हे कळताच त्यांनी लष्कराविषयी एक अक्षरही न बोलता बैलांविषयी बोलायला सुरुवात केली.

बंजाऱ्यांच्या लदेणीची, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलखामागून मुलूख हिंडण्याच्या व्यापाराची, जी हकिकत त्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकली होती, ती त्यांनी हातांनी करून दाखवली. तागाच्या सुताची जाड गोणी बायका घरीच विणत. दोन तोंडांची ती गोणी बैलाच्या पाठीवरील गादीवर अशी टाकायची की दोन्ही बाजूंचे वजन एकमेकांना तोलून धरील. हे सांगताना त्यांनी खांद्यावरचे उपरणे घेतले, त्याच्या दोन्ही टोकांत मूठमूठ ज्वारी बांधली, ते गुडघ्यावर आडवे टाकले आणि एका टोकातील चार दाणे काढताच उपरणे हळूहळू दुसऱ्या बाजूला घसरू लागले. असा घसरलेला बैल घाटात अडला की मागची सगळी रांग अडे. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा आणि कपाळावर कवड्या असत. रात्री गोण्यांची भिंत रचून तिच्या आत माणसे झोपत. "बैल चरला तं माल चालला," असे ते म्हणाले. चारापाणी पाहूनच मजल ठरे, आणि म्हणूनच जुनी वाट महामार्गाच्या अंगाने नव्हे, तर ओढ्याच्या अंगाने जाते, हे त्यांचे म्हणणे होते.

घरातील वृद्धेने, जिला सारा तांडा 'याडी' म्हणजे आई म्हणून हाक मारतो, चुलीवरची ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरी, भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि जवसाची चटणी समोर ठेवली. महामार्गावरील ढाब्याच्या तेलकट जेवणानंतर ती जाड, कडेला किंचित करपलेली भाकरी लेखकाला इतकी रुचली की तिसरी नको म्हणण्याचे भान त्याला राहिले नाही.

या भाकरीच्या ओघात १८०३ चे युद्ध लेखकाला वेगळे दिसू लागले. मोगल, मराठे, निजाम, इंग्रज, यांपैकी कोणाचीही फौज बंजाऱ्यांच्या धान्यावाचून दूर जाऊ शकत नसे. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो, तो याच कारणाने. त्यातच १८०३-०४ मध्ये दख्खनेत आणि वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला, ज्याला फौजांच्या लुटालुटीने हातभार लावला, म्हणजे घाट उतरणाऱ्या प्रत्येक गोणीचे मोल तोफेच्या गोळ्याहून कमी नव्हते. तरीही युद्धाच्या इतिहासात पलटणींची नावे छापली जातात आणि तांड्यांच्या नायकांची वगळली जातात, हा अन्याय लेखकाला मान्य नाही. ज्यांनी सैन्ये पोसली, त्यांचा व्यापार पुढे गाडीरस्ते आणि रेल्वे यांनी बुडवला, आणि १८७१ नंतर गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली अनेक ठिकाणी त्यांनाच गुन्हेगार ठरवण्यात आले; तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. याच जिल्ह्यातील पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी देशभरातून बंजारे येतात, हे सांगताना त्या गृहस्थांच्या बोलण्यात जो ताठा आला, तो त्यांना शोभणारा होता.

दुसऱ्या दिवशी लेखकाने महामार्ग सोडून ओढ्याची बाजू धरली. वाट काट्याकुट्यांची, ठिकठिकाणी तुटलेली आणि रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, खुरांनी तुडवलेली होती. पण उतार सौम्य होता आणि लादलेला बैल जेथे घसरेल अशी एकही जागा तिच्यावर आढळली नाही. पातुराच्या कातळातील लेणी धावती पाहून पुढे अकोला आणि तेथून तेल्हारा तालुक्यातील अडगाव गाठले, जेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले आणि निजामाला मिळाले. तांड्यातल्या त्या गृहस्थांना अडगावाहून फोन केला, तेव्हा त्यांनी लढाईविषयी काहीच विचारले नाही. ओढ्याला पाणी कुठवर लागले, एवढेच त्यांना हवे होते.