बुडत्या बँकेले कोनं काढावं?

जिल्हा बँक म्हणजे आमच्या वऱ्हाडात नुसती बँक नसते. सोसायटीचे पीककर्ज तिच्यातून, कापसाचा चुकारा तिच्यातून, झेडपीच्या मास्तरांचा पगारही तिच्यातून. म्हणून शेजारच्या बुलडाण्याच्या जिल्हा बँकेवर 2012 साली रिझर्व्ह बँकेने नव्या ठेवी घ्यायची बंदी घातली, तेव्हा इकडे अकोल्याकडेही लोकांच्या पोटात गोळा आला. नागपूर, वर्ध्याचेही तेच झाले होते.

2014 च्या नोव्हेंबरात केंद्राने देशातल्या अशा 23 जिल्हा बँकांसाठी 2375 कोटींची योजना मंजूर केली. त्यात या तिन्ही होत्या. पारावर एक जण म्हणाला, "चोराईच्या बँका, बुडू द्या ना बाप्पा!" त्याचा राग खोटा नव्हता. नागपूर, वर्ध्याच्या बँकांनी दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले, पैसे गेले अन् रोखे आलेच नाहीत. हे 2002 चे प्रकरण. नागपूरच्या खटल्यात शिक्षा झाली 2023 च्या डिसेंबरात, त्यावरही अपील झालेच.

पण बँक बुडाली तर संचालक बुडत नाही, हे आपण पाहतोच. पीककर्ज थांबते, मृग काही थांबत नाही. मग माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. म्हणून मी म्हणतो, बँक वाचवा, पण आधी संचालकाचा वाडा लिलावात काढा. आमच्या थकबाकीले जशी जप्तीची नोटीस येते, तशी त्याले येऊ द्या.

2008 साली अमेरिकेने आपल्या बँकांसाठी 700 अब्ज डॉलरचा कायदा केला. त्याच वर्षी आपल्याकडे कर्जमाफी झाली. पाच एकरांच्या आत असला तर पूर्ण माफ, वर असला तर आधी आपला हिस्सा भर, मग सूट. माझे नऊ एकर कोरडवाहू. नऊ एकरांत ओलिताच्या दोन एकरांइतकेही पिकत नाही, पण कागदावर मी मोठा शेतकरी! अन् ज्यांचे माफ झाले त्यांच्या हातात तरी रुपया कुठे आला? सरकारचा पैसा गेला बँकेच्या खात्यात. शेतकऱ्याच्या नावाने बँकच वाचली, पण फुकट्या म्हणून बोलणी शेतकऱ्यालेच.

पतसंस्थेचे तर आणखीच वेगळे. बँकेतल्या ठेवीले 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीले तो नाही. आमच्या मोठीबाईने म्हशीच्या दुधाचे पैसे तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवले होते. एका दिवाळीनंतर तिथे कुलूप लागले. ती मले म्हणे, "भाऊ, म्या कोनाचं कर्ज बुडोलं का? मंग माह्ये पैसे काऊन बुडाले?"

तिच्यासाठी कोणती योजना निघाली नाही. पासबुक अजून ट्रंकेत आहे, लुगड्याच्या घडीत. गावात कोणी साहेब आला की ती ते काढून दाखवते.