घारी, चटणी आणि पोटातला जंतू

कतारगामला माझी अक्का राहते. लग्न होऊन ती सुरतेला गेली, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. दाजी हिऱ्याच्या कारखान्यात हिशेब बघतात. घरात मराठी, आईशी फोनवर कन्नड आणि भाजीवाल्याशी गुजराती, असा अक्काचा संसार.

गेल्या कोजागरीला मी तिच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो. त्या दिवशी अख्खी सुरत घारी खाते, तुपात न्हायलेली. पण दाजींनी बशी बाजूला सारली. "तूप बंद केलंय. पोटातला जंतू कोलेस्टेरॉलवर जगतो म्हणे. उपाशी मारतो त्याला!"

दाजींच्या पोटात दोन वर्षं जळजळ होती. सगळ्यांनी बोट दाखवलं ते अक्काच्या शेंगदाण्याच्या चटणीकडे. आईसुद्धा फोनवर म्हणायची, "ऊट बल्लवनिगे रोगविल्ल." जेवायचं कसं हे ज्याला कळतं त्याला रोग नाही. अक्का निमूटपणे मिरची कमी करत राहिली. शेवटी दुर्बिणीने तपासलं, तेव्हा जठरात व्रण आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू सापडला. चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. सहाव्या दिवशी जळजळ थांबली आणि दाजींनी गोळ्याही थांबवल्या. काही महिन्यांनी दुखणं परत आलं, जंतूही तिथेच होता. मी गेले तेव्हा नव्या औषधांचा दुसरा कोर्स नुकताच सुरू झाला होता.

हा जंतू ओळखला तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी, १९८२ मध्ये. आम्लात जंतू जगतो हे कुणाला पटेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतःच पिऊन दाखवला आणि पोट बिघडवून घेतलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

दाजींनी ऐकलेलं अगदीच खोटं नव्हतं. या जंतूला कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. तो ते आपल्या पेशींच्या आवरणातून उचलतो, त्याला ग्लुकोजचा एक रेणू जोडतो आणि आपल्या अंगावर चढवतो. चोरीचं लुगडं रंगवून नेसावं, तसं! शरीरातल्या भक्षक पेशी साध्या कोलेस्टेरॉलने माखलेल्या जंतूला चटकन गिळतात, साखर जोडलेल्याला मात्र तितक्या सहज गिळत नाहीत, असं जर्मनीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. गिळलाच, तरी तो लगेच मरत नाही. गिळलेले जंतू पचवण्यासाठी पेशीत एक पिशवी असते. तिचं काम हे साखर जोडलेलं कोलेस्टेरॉल अडवतं आणि जंतू आतच तग धरतो. तैवानच्या संशोधकांचं यावरचं काम २०१८ मधलं आहे.

शरीरही गप्प बसत नाही. जठराच्या खोल थरातल्या चिकट स्रावात अशी एक शर्करा असते, जी जंतूला ही साखर जोडू देत नाही. हे जपानमध्ये २००४ साली उघड झालं. पण सगळं जठर त्या स्रावाने झाकलेलं नसतं.

मग तूप सोडून काय होणार? कोलेस्टेरॉल आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात असतं आणि बहुतेक आपलं शरीरच बनवतं. घारी कमी खाल्ली तर वजनाला बरं, पण जंतू काही उपाशी मरत नाही. अशा लपून बसणाऱ्याला मारायला दोन-तीन औषधं एकत्र आणि ठरलेले सगळे दिवस घ्यावी लागतात. जळजळ थांबली म्हणजे जंतू गेला असं नाही. अर्ध्यावर सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

आणखी एक गोष्ट मी दाजींना मुद्दाम सांगितली. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या घरात लागतो. तिखटाने जळजळ वाढेल, पण व्रण होतात ते मुख्यतः या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे. म्हणजे दाजींच्या पोटात तो अक्का या घरात येण्याआधीपासूनच असणार!

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने कॅलेंडर काढून गोळ्यांचे दिवस लिहिले. रोज रात्री एक खोडायचा. संपल्यावर महिनाभर थांबून पुन्हा तपासणी. या वेळी चौदाही दिवस खोडले गेले आणि तपासणीत जंतू सापडला नाही.

मी आईला फोन केला. म्हटलं, "अव्वा, चटणीदु तप्पिल्ल." चटणीची चूक नव्हती. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अक्काला सांग, पुढच्या खेपेला येताना ती चटणी घेऊन ये. तिच्या हातची खाऊन फार दिवस झाले."