पत्ता पुण्याचा, नाव रत्नागिरीच्या वहीत

लाँग वीकेंड आला की आमचं अर्धं ऑफिस रत्नागिरीला पळतं. गणपतीपुळे, समुद्र, सुरमई आणि भरपूर फोटो! मीही तिकडेच निघाले होते, पण मेळाव्याला. 'कसला गं मेळावा?' 'ख्रिस्ती मंडळ्यांचा.' मग दोन सेकंद शांतता आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न, 'अय्या, पण तुझं आडनाव तर अगदी मराठी आहे!' आता माणसंच मराठी म्हटल्यावर आडनाव काय जर्मन असणार?

तशी आमची गोष्ट जुनी आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. त्या मिशनचं ठाणं १८७३ मध्ये रत्नागिरीत सुरू झालं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेलं मिरजेचं हॉस्पिटलही त्याच मिशनचं. त्यामुळे आमच्याकडे मेळावा म्हणजे घाट आणि कोकण यांची गळाभेट. आंबा घाट उतरून आलेली पाहुणेमंडळी आमच्या रश्श्याला 'पाणी' म्हणतात, आणि नंतर हळूच तिसऱ्यांदा सोलकढी मागतात.

मांडवात 'सलाम, सलाम' चालू असतं. मध्यभागी पेटी, तबला आणि टाळ. चर्च म्हटल्यावर पियानो शोधायला जाल, तर फसाल. इथे गातात ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. टिळक आमच्याच जिल्ह्यातले, १८६१ चा जन्म करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाची चाल काही सोडली नाही. माझी आजी लिहायला शिकली नव्हती, पण ही भजनं तिला तोंडपाठ होती.

विखुरलेल्या लहान मंडळ्यांना वर्षातून एकदा एकमेकांची तोंडं बघावीच लागतात. छत्तीसगडमध्ये धमतरीच्या बाजूला मेनोनाइट मंडळ्या आहेत. त्यांचे जगभरातले भाऊबंद १९९७ मध्ये कलकत्त्याला जमले होते. आमचा मांडव त्यामानाने चिमुकला! पण कारण तेच, आपण अजून आहोत ना, हे मोजून बघायचं.

आणि इथे खरंच मोजतात बरं का. दुपारी प्रत्येक मंडळीचा अहवाल वाचला जातो. बाप्तिस्मे किती, लग्नं किती, प्रभूकडे गेले किती. आमच्या छोट्या मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे माझे पप्पा. त्यांच्या वहीत शेवटी एक रकाना असतो, 'बाहेरगावी'. मुंबई, पुणे, दुबई. हा रकाना दरवर्षी लांबत चाललाय. त्यात माझंही नाव आहे, गेली नऊ वर्षं.

यंदा मी ते काढायला गेले होते. पुण्यात फ्लॅट घेतलाय, लग्न ठरलंय. तिथल्या चर्चमध्ये सभासद व्हायचं तर आधीच्या मंडळीचा दाखला लागतो. पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लिहून देतील ना तुझे पप्पा."

झालं! घरी विषय काढायला मला दोन दिवस लागले. पप्पांचे हात हल्ली थरथरतात, पेटीवर बोटं नीट फिरत नाहीत. त्यांच्यानंतर पेटीवर कोण बसणार, हे कुणालाच माहीत नाही. वाजवता मला येतं. पण मी तिथे नसते.

"रागावलात?" मी विचारलं.

"रागवायचं काय त्यात? नऊ वर्षं तू 'बाहेरगावी' आहेस. म्हणजे तिकडच्या वहीत नाहीस आणि इकडे दिसत नाहीस. माणसाचं नाव जिथे तो बसतो तिथे असावं."

मग चष्मा लावून त्यांनी दाखला लिहिला, एकही खाडाखोड नाही. खाली सही केली. वही उघडून माझ्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि पुढे तारीख घातली. एकूण सभासदांचा आकडा एकाने कमी केला.

"आता तिकडे नुसती मागच्या बाकावर बसू नकोस," ते म्हणाले. "पेटी आहे का त्यांच्याकडे?"

कीबोर्ड आहे, म्हटलं.

"चालेल," पप्पा म्हणाले, आणि टिळकांच्या भजनांची त्यांची स्वतःची वही माझ्या बॅगेत टाकली.