काँक्रीट त्याचं, सावली इतरांची

चंदीगडमध्ये पत्ता विचारला की उत्तरात आकडा मिळतो. ‘बाईस’, ‘सतरा’, ‘पैंतीस’. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. वाशी-नेरूळला किंवा निगडी प्राधिकरणात राहिलेल्या माणसाला सेक्टर नवे नसतात, पण तिथे सेक्टरच्या आधी गावाचं नाव लागतं. इथे आकडा हेच नाव. तेराचा आकडा मात्र मूळ आराखड्यात गाळलेला होता, युरोपीय अपशकुनापायी. २०२० साली मनीमाजरा या जुन्या वस्तीला तो देऊन टाकला. गंमत अशी की गाळलेला तेरा नकाशात वेगळ्या वाटेने शिरलाच आहे. चारच्या खाली नऊ, नवाच्या खाली सतरा, सतराच्या खाली बावीस. शेजाऱ्यांची बेरीज करून पाहा: तेरा, सव्वीस, एकोणचाळीस.

मार्चमध्ये गेलो होतो. स्टेशनवरून सेक्टर २२ कडे येताना सोबत्याने विचारलं, “अरे, ती जगप्रसिद्ध वास्तुकला कुठे आहे?” प्रश्न रास्त होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडंच झाडं, झाडांमागे हिरवळीचा पट्टा, त्यामागे एखादी विटांची भिंत आणि मग पुढचा वर्तुळाकार चौक. मोठ्या रस्त्यावर घराचं दार उघडतच नाही. सेक्टर म्हणजे साधारण आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब चौकट. शाळा, दवाखाना, बाजार, बाग सगळं आत आणि वेगाने धावणारी वाहनं बाहेर. त्यामुळे गाडीतून बघणाऱ्याला शहर दिसत नाही. ते बघायला पायउतार व्हावं लागतं.

हे शहर जन्मलं ते फाळणीतून. १९४७ साली लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. सरकार शिमल्यात बसलं. लाहोर काही नुसतं कारभाराचं ठिकाण नव्हतं. कॉलेजं, छापखाने, वकिलांच्या पिढ्या, बागा, सगळं तिथे राहिलं होतं. निर्वासितांनी भरलेल्या प्रांताला अमृतसर किंवा जालंदरमध्ये राजधानी थाटता आली असती; पण एक सीमेला खेटून, तर दुसरं आधीच गच्च भरलेलं. १९४८ साली शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची जागा ठरली. तिथल्या शेतकऱ्यांची गावं उठली. जुन्या ओझ्यातून मोकळं, नव्या भारताचं शहर असावं ही नेहरूंची इच्छा सगळ्यांना ठाऊक असते, उठलेल्या गावांची नावं मात्र कुणाला विचारली तर सांगता येत नाहीत.

या शहराशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या वास्तुविशारद ल कॉर्बुझिएचा पहिला आराखडा नव्हता. तो केला अमेरिकन नियोजक अल्बर्ट मेयर आणि पोलंडचा वास्तुविशारद मॅथ्यू नोविट्स्की यांनी. पंख्यासारखा पसरलेला, वळणदार रस्त्यांचा. १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविट्स्की इजिप्तमध्ये विमान अपघातात गेला. मग पी. एन. थापर हे प्रशासक आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंता युरोपात माणूस शोधायला निघाले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या जोडप्याने ल कॉर्बुझिएचं नाव सुचवलं. तो पॅरिस सोडून भारतात राहायला यायला तयार नव्हता, म्हणून त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि फ्राय-ड्रू यांनी इथे मुक्काम ठोकायचा आणि त्याने वर्षातून दोनदा यायचं असं ठरलं. १९५१ च्या फेब्रुवारीत शिमला रस्त्यावरच्या एका विश्रामगृहात बसून अवघ्या काही दिवसांत त्याने मेयरची वळणं सरळ केली. स्वयंपूर्ण वस्त्यांची कल्पना, मधून जाणारा हिरवा पट्टा, डोंगराकडे शासनाचा माथा ही मूळ मांडणी बरीचशी मेयरचीच राहिली. पाट्यांवर मेयर सापडत नाही.

सेक्टर १ मधल्या कॅपिटॉल संकुलात, म्हणजे न्यायालय, विधानसभा आणि सचिवालयाच्या आवारात, एकट्याने हिंडता येत नाही. पर्यटन कार्यालयात ओळखपत्र दाखवायचं, चिठ्ठी घ्यायची आणि वाटाड्याबरोबर निघायचं. आमचा वाटाडा तरुण सरदार होता, वास्तुकलेचा विद्यार्थी शोभावा इतका उत्साही. “अंकलजी, पहले छाँव में खड़े हो जाओ, फिर देखो,” म्हणाला. सल्ला मोलाचा होता, कारण मार्चातही त्या पटांगणावर काँक्रीटचा तवा तापू लागलेला असतो.

उच्च न्यायालय प्रथम दिसतं. १९५५ मध्ये पुरं झालं. इमारतीवर एक अजस्र दुसरं छत आहे, आतून कमानींची रांग, दोन्ही कडांकडे उचललेलं. खालच्या छपराला ऊन लागू नये आणि मधून वारा खेळावा म्हणून. पावसाचं पाणी जाड पन्हाळीतून खालच्या हौदात कोसळतं. प्रवेशाला तीन उंच खांब, हिरवा, पिवळा, लाल. करड्या भिंतीपुढे ते रंग बघितले की ल कॉर्बुझिए मुळात चित्रकार होता हे पटतं. पण तोच माणूस पावसाळ्यात एका न्यायदालनातून दुसऱ्यात जायला आडोसा द्यायचा विसरला. वकील-न्यायाधीश भिजू लागले, तेव्हा समोर व्हरांडा जोडावा लागला. दालनांत लावायला त्याने काढलेली गालिचेचित्रं काश्मीरमध्ये विणून आणली होती, तीही काही न्यायमूर्तींना रुचली नाहीत. मला या दोन्ही गोष्टी ऐकून बरं वाटलं. इमारत वापरणाऱ्यांनी वास्तुविशारदाशी भांडावं, यात काही गैर नाही.

विधानसभा हा सगळ्यांत धाडसी तुकडा. औष्णिक वीजकेंद्रांत वाफ थंड करायचे पोटाशी बारीक होत जाणारे मनोरे असतात ना, ते त्याने अहमदाबादेत पाहिले आणि त्यांचा आकार सभागृहाला दिला. छपरातून तो मनोरा वर निघतो. शेजारी दुसऱ्या सभागृहावर पिरॅमिड. आत शिरलं की प्रथम खांबांचं अंधारं दालन, डोळ्यांना निवायला वेळ देणारं. दर्शनी बाजूला एनॅमलचा प्रचंड दरवाजा, त्याच्याच हातच्या चित्रांचा, फ्रान्सची भेट. खास प्रसंगीच उघडतो. सचिवालय तर २५४ मीटर लांब. पश्चिमेचं ऊन अडवायला दर्शनीभर काँक्रीटच्या खोल पडद्यांची जाळी. कल्पना सुंदर आहे, पण काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळी परत सोडतं. आज त्या जाळीत वातानुकूलनाच्या पेट्या अडकवलेल्या आहेत.

भिंतींना जवळून बघावं. प्लास्टर नाही, रंग नाही. साच्यांच्या फळ्यांचे व्रण, खिळ्यांच्या खुणा तशाच. ते काँक्रीट क्रेनने चढलेलं नाही. चढणींवरून डोक्यावर घमेली घेऊन बायका ते वर नेत होत्या, त्या काळच्या छायाचित्रांत त्यांच्या रांगा दिसतात. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्याच सुमारास पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात या इमारतींच्या रेखाटनांवर काम करत होते. २०१८ मध्ये वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रित्झकर पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय. पुढे अहमदाबादेत दोशींनी जे बांधलं त्यात सावली, ओटे आणि अंगणं अधिक आहेत. गुरूकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं, याची उजळणी चंदीगड बघताना आपोआप होते.

राज्यपालांचा महाल आराखड्यात होता. लोकशाहीत तो शोभत नाही असं नेहरूंना वाटलं, तो बांधलाच नाही. ‘खुला हात’ हे सव्वीस मीटर उंचीचं, वाऱ्याबरोबर फिरणारं स्मारक ल कॉर्बुझिएच्या हयातीत उभं राहिलं नाही. ते आलं १९८५ मध्ये. न्यायालय आणि विधानसभा यांच्यामधलं विस्तीर्ण पटांगण लोकांनी फिरावं म्हणून कल्पिलेलं. १९६६ मध्ये पंजाबातून हरियाणा वेगळा झाला, चंदीगड केंद्रशासित राहून दोघांची राजधानी बनलं आणि एकेका इमारतीचे दोन दावेदार झाले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये सचिवालयाच्या दारात बॉम्बस्फोटात मुख्यमंत्री बेअंतसिंग मारले गेले. आता काटेरी तारा, बंकर, बंदूकधारी पहारे. २०१६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, आणि त्या पटांगणावर आमच्या टोळक्याशिवाय कुणी नव्हतं. या इमारतींची थोरवी मान्य करूनही मी म्हणेन की माणूस नसलेलं पटांगण हा आराखड्याचा पराभवच आहे.

सेक्टर १० मधलं वस्तुसंग्रहालयही ल कॉर्बुझिएचंच. गांधार शैलीच्या बुद्धमूर्ती इथे का, असा प्रश्न पडतो. फाळणीत लाहोर संग्रहालयातल्या वस्तूंचीही वाटणी झाली होती. साठ टक्के तिकडे, चाळीस इकडे. त्या वाट्याला आलेल्या मूर्ती.

दुसऱ्या दिवशी ल कॉर्बुझिएला सोडून इतरांकडे वळलो. सेक्टर २२ हा सर्वांत आधी वसलेल्यांपैकी. फ्राय आणि ड्रू यांची छाप इथे ठळक आहे. सिमेंट-पोलाद महाग, म्हणून घरं विटांची. मंत्र्यापासून शिपायापर्यंत सरकारी घरांच्या श्रेणी ठरवल्या होत्या. अगदी तळच्या श्रेणीलाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि अंगण. पन्नासच्या दशकात शिपायाच्या घरात नळ आणि वीज ही मामुली गोष्ट नव्हती. विटा आडव्या-उभ्या मांडून केलेल्या जाळ्या, बाहेर काढलेल्या भिंतींच्या पट्ट्या, झोपायला गच्ची. सगळं स्वस्त आणि सगळं कामाचं. गल्ल्या वाकड्या नाहीत पण मुलं खेळत होती, एका अंगणात मिरच्या वाळत होत्या. नकाशात नसलेलं शास्त्री मार्केटही इथलंच, खच्चून भरलेलं, सेक्टर १७ च्या सुनियोजित चौकापेक्षा कितीतरी जिवंत.

पिएर जानरे मात्र खरा रहिवासी. फ्राय-ड्रू तीन वर्षांनी परतले. जानरे १९६५ पर्यंत इथेच राहिला. शाळा, घरं, पंजाब विद्यापीठातलं पाण्यात उमललेल्या पाकळ्यांसारखं गांधी भवन ही त्याची कामं. सेक्टर ५ मधल्या ५७ क्रमांकाच्या त्याच्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. त्याने सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या, तिरक्या पायांच्या खुर्च्या केल्या. कचेऱ्यांनी त्या मोडक्या म्हणून भंगारात विकल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि युरोपातल्या लिलावांत लाखोंना गेल्या. २०११ मध्ये केंद्राने बंदी घातली, तोवर बऱ्याच निघून गेल्या होत्या. जानरे १९६७ मध्ये जिनिव्हात वारला. त्याच्या इच्छेनुसार १९७० मध्ये अस्थी सुखना तलावात सोडल्या.

आणि झाडं? त्यांच्यामागे महिंदरसिंग रंधावा नावाचे आयसीएस अधिकारी आहेत. मूळचे वनस्पतिशास्त्राचे. कोणत्या रस्त्याला कोणतं झाड, कोणतं कोणत्या महिन्यात फुलेल, सावली कुणाची दाट, याचा विचार त्यांच्या समितीने इमारतींइतकाच बारकाईने केला. बहावा, गुलमोहर, नीलमोहर, कांचन, बकुळ, अर्जुन, कुसुंब. एका रस्त्यावर एका जातीची रांग. आपला ताम्हणही भेटतो. आम्ही गेलो तेव्हा कुसुंबाला तांबडी पालवी फुटत होती आणि एक अख्खा रस्ता तांब्याच्या रंगाचा झाला होता. सेक्टर १६ ची गुलाबबाग रंधावांनीच १९६७ मध्ये उभारली, सुमारे तीस एकरांत; नाव राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं. तिच्यालगत ‘लेझर व्हॅली’, म्हणजे पावसाळी ओढ्याने खरवडलेल्या घळीचीच केलेली लांब बाग. ओढा बुजवण्याऐवजी त्याला बाग करण्याची ही अक्कल पुण्या-मुंबईच्या नाल्यांवर भराव टाकणाऱ्यांना कुणीतरी शिकवायला हवी.

सुखना तलाव १९५८ चा, पावसाळी ओढ्याला बांध घालून केलेला. काठावर लोक चालतात, बसतात, भुईमुगाच्या शेंगा खातात. कॅपिटॉलच्या पटांगणात जी गर्दी हवी होती ती इथे आहे.

त्याच्याजवळच नेकचंद. सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ता-निरीक्षक, फाळणीत आता पाकिस्तानात गेलेलं आपलं गाव सोडून आलेले. शहरासाठी उठवलेल्या गावांतलं सामान, फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे, विजेचे फ्यूज, नदीतले दगड ते सायकलवरून नेत. त्यातून मूर्ती आणि बाग घडवत, १९५७ पासून, सरकारी जंगलात, कुणालाही न सांगता. सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना छडा लागला. अतिक्रमण म्हणून बुलडोझर चालवण्याऐवजी त्यांनी ते वाचवलं, आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांसाठी उघडलं. पुढे रस्त्यासाठी ते पाडायला आले तेव्हा लोक साखळी करून उभे राहिले. नेकचंद २०१५ मध्ये गेले. अरुंद वाटा, वाकून शिरायची दारं, बांगड्यांच्या बायका, चिनीमातीची माकडं: जे आराखड्याने नाकारलं, वळण, अडगळ, गावकी, ते सगळं इथे आहे.

पाच लाखांसाठी आखलेल्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक माणसं राहतात, आणि बांधणाऱ्यांची आणि घरकामवाल्यांची वस्ती बहुतेक कडेलाच आहे. तरीही कुणाला विचाराल तर मी चंदीगडच्या बाजूनेच बोलेन. शिपायाला अंगण आणि रस्त्याला झाड देण्याचा विचार इतक्या प्रामाणिकपणे आपण नंतर फारसा केलेला नाही.

जाल तर मार्च गाठा. ओळखपत्र विसरू नका, कॅपिटॉलच्या फेरीला सकाळीच जा, आणि दुपारपासूनचा वेळ सेक्टर २२ ला द्या. पायी.