डिकीतली रेतीची पोती

"फियाट चांगली की मारुती?" संपादकांनी फोनवर एवढंच विचारलं आणि लेख मागितला. बोईसरला गॅरेज टाकून मला ३५ वर्षं झाली. हा प्रश्न रोज कानावर येतो. पण श्रावणातली ती फियाट अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

तारापूर एमआयडीसीत काम करणारा एक तरुण. घरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांची फियाट, आणि स्वतःची मारुती ८००. मनोरहून पालघरला येताना वाघोबा खिंडीच्या उतारावर, ओल्या वळणात पद्मिनीची मागची बाजू घसरली. कुणाला लागलं नाही. गाडी माझ्याकडे आणून तो म्हणाला, "काका, मारुती त्याच वळणावर बिनघोर जाते. फियाटच वाईट." डिकी उघडली तर आत रेतीची दोन पोती. जड गाडी रस्ता धरून चालते, असं कुणीतरी सांगितलेलं.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, मारुतीचं ७९६. ताकद दोघींची ४० अश्वशक्तीच्या आसपास. पण पद्मिनी ९०० किलोच्या घरात, मारुती ६५० च्या. बैल तेवढेच आणि ओझं कमी, म्हणून चढावर मारुती पुढे निघते. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, मारुतीत पुढच्या. वळणात ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर मारुतीचं नाक बाहेर जातं, पद्मिनीची शेपटी. पावसाळी खड्ड्यांत मात्र पद्मिनीची १४ इंची चाकं मारुतीच्या १२ इंचींपेक्षा सुखाची.

आता पोत्यांबद्दल. लोकांना हे पटवता पटवता मी थकलो, तरी पुन्हा सांगतो. वजन वाढलं की टायर रस्त्यावर जास्त दाबला जातो, पकड वाढते, हे खरं. पण वळणात गाडीला बाहेर फेकणारा जोरही वजनाच्याच प्रमाणात वाढतो, आणि टायरची पकड मात्र त्या प्रमाणात पूर्ण वाढत नाही, थोडी मागे राहते. त्यात पोती मागच्या ॲक्सलच्याही मागे. शेपटी बाहेर निघाली की ती तिला आणखी ओढतात. चिखलात मागचं चाक जागीच फिरत असेल तिथे पोती उपयोगी. तो अनुभव लोक वळणावर नेतात. पोत्यांशिवायही पद्मिनीची शेपटी निघू शकते: उतारावर लहान गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम सोडला की भार पुढे जातो आणि इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या, हलक्या झालेल्या चाकांवर बसतो. शिवाय वेग ४० चा ५० केला तर बाहेर फेकणारा जोर दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. "दहानं काय होतंय?" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पोती काढली, टायर पाहिले. नक्षी भरपूर होती. टायरच्या बाजूवर चार आकडे: २३१४. म्हणजे २०१४ सालचा २३ वा आठवडा. गाडी महिन्यातून दोनदा निघायची. रबर झिजलं नाही, कडक झालं. मारुतीचे टायर वर्षभरापूर्वीचे. तो तरुण दोन गाड्यांची तुलना करत नव्हता, दोन वयांच्या टायरांची करत होता.

मला टोचतं ते वेगळंच. याच पद्मिनीचं अलाइनमेंट चैत्रात मी केलं होतं. किंगपिनला ग्रीस भरलं, बुश तपासले आणि नक्षी बघून टायर पास केले. ते आकडे वाचायला खाली बसावं लागतं. मी बसलो नव्हतो.

नवे टायर घालून, भर पावसात, त्याच वळणावर दोन्ही गाड्या मी स्वतः ३० च्या वेगानं चालवल्या. दोन्ही आपल्या रेषेत राहिल्या. पद्मिनीला वळणाआधीच ब्रेक लावून, वळणात हलका पण एकसारखा पाय ठेवावा लागतो. ही शिस्त मी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांकडून शिकलो. ३० ऑक्टोबर २०२३ ला तिथली पद्मिनी टॅक्सीची सेवा संपली.

तेव्हा संपादकांना माझं उत्तर असं: चढावर मारुती, खड्ड्यात फियाट, आणि ओल्या वळणात जिचे टायर ताजे ती. गाडी कुठलीही येवो, आता मी बॉनेट उघडण्याआधी चाकाजवळ उकिडवा बसतो.